खेळकट्टा : झोळी भरली, कोडं सुटेना

मागच्या अंकात ‘द लेजंड ऑफ किरँडिया’ या जुन्या पॉइंट-अँड-क्लिक (म्हणजे माऊसने क्लिक करत कोडी सोडवायच्या) खेळाविषयी जेमतेम सहा ओळी लिहिल्या होत्या. त्या सहा ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. अर्धी प्रेमाची, अर्धी तक्रारीची, आणि दोन-तीन अशी की पाकिटातूनच दात-ओठ खाल्ल्याचा आवाज यावा. तेव्हा या वेळचा कट्टा सगळा याच जातीच्या खेळांना. जादूचं राज्य, एक बावळट नायक, एक झोळी आणि सुटता न सुटणारी कोडी.

प्रश्न : ताई, तुमच्या सहा ओळी वाचून किरँडिया खेळायला घेतला. पहिले दोन तास स्वर्ग. मग ती गुहा आली. तीन संध्याकाळी गुहेत गेल्या, चौथ्या संध्याकाळी मी खेळच पुसून टाकला. हा खेळ चांगला आहे की वाईट, एकदाचं सांगून टाका.
— गुहेतून परत न आलेला

तुम्ही खेळ पुसलात, मी माऊस आपटला होता. त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा मला अधिकार नाही.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी चार शब्द. वेस्टवुड स्टुडिओजनी हा खेळ १९९२ साली काढला. नायक ब्रँडन. त्याचा आजोबा कलाक एके दिवशी दगडाचा झालेला सापडतो. हे काम मॅल्कमचं. मॅल्कम म्हणजे दरबारातला विदूषक, राजा-राणीचा खुनी, आणि आता कैदेतून सुटलेला. ब्रँडनने घराबाहेर पडायचं, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं, दिसेल ते उचलायचं आणि मॅल्कमपर्यंत पोचायचं. गोष्ट म्हणून यात नवं काही नाही. विदूषक मात्र झकास आहे. तो पडद्यावर आला की ब्रँडन फिका पडतो, आणि करणाऱ्यांनाही ते कळलं असावं, कारण १९९४ च्या तिसऱ्या भागात त्यांनी मॅल्कमलाच नायक केलं.

आता गुण. पहिला गुण असा की या खेळात क्रियापदं नाहीत. १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’मध्ये पडद्याच्या खालच्या भागात पंधरा क्रियापदांची पाटी असायची : उघड, ढकल, ओढ, दे, वाच. दाराशी उभं राहून आधी ‘उघड’वर क्लिक करायचं, मग दारावर. किरँडियाने ती पाटीच काढून टाकली. एक कर्सर, एक क्लिक. वस्तू उचलली की ती कर्सरलाच चिकटते. जिथे वापरायची तिथे नेऊन टेकवा. सवय लागायला मिनिटभरही लागत नाही. माझ्या आईने माऊस पहिल्यांदा धरला तो याच खेळात, आणि पाचव्या मिनिटाला ती सफरचंद उचलून ब्रँडनला भरवत होती.

दुसरा गुण चित्रांचा. ३२० बाय २०० ठिपक्यांत माणसाने किती जीव ओतावा! मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर अनुस्वार आणि स्वल्पविराम शोधून संध्याकाळी डोळे चुरचुरत असतात. अशा वेळी ते रान बघायला बरं वाटतं. झाडांच्या बुंध्यांवरची शेवाळी हिरवी छटा एकेक ठिपका ठेवून रंगवलेली आहे, आणि आज मोठ्या पडद्यावर ताणून पाहिली तरी ती विटत नाही.

तिसरा गुण सुरुवातीच्या कोड्यांचा, आणि तुमचे ते दोन तास स्वर्गाचे का गेले त्याचं कारणही तेच. वाळलेली विलो आठवते? इंग्रजीत या झाडाच्या झुकलेल्या जातीला रडणारी विलो म्हणतात. तिकडे दुःखाचं तळं आहे, तिथे अश्रूचा एक थेंब मिळतो. रडणारं झाड रडायचं थांबलंय म्हणून सुकलंय, त्याला अश्रू द्या. कोणी सांगत नाही, तरी हात आपोआप तिकडे जातो. न गेला आणि उत्तर दुसऱ्याकडून कळलं, तर आपण कपाळावर हात मारतो. तो हात आपल्या कपाळावर पडतो, हे लक्षात ठेवा. माझा कोडी तपासायचा काटा एवढाच आहे : उत्तर कळल्यावर राग कोणावर येतो? स्वतःवर आला तर कोडं चांगलं. खेळावर आला तर कोडं फसलेलं.

हा काटा घेऊन आता पुढे चला. रत्नांचं कोडं घ्या. वेदीवर चार रत्नं ठरलेल्या क्रमाने ठेवायची. पहिल्या आणि शेवटच्या रत्नाच्या विचाराने जवळपास जाता येतं, पण मधली दर नव्या डावात बदलतात आणि त्यांचा कुठेही सुगावा नाही. म्हणजे रानभर फिरून रत्नं वेचायची, एक ठेवून बघायचं, नाही जमलं की दुसरं. हे कोडं नव्हे, ही सोडत झाली. मी चौकटीच्या वहीत तक्ता आखला होता : कुठलं रत्न कुठे सापडलं, कुठल्या जागी चाललं, कुठल्या जागी नाही. पानभर फुल्या भरल्या. शेवटी वेदी प्रसन्न झाली तेव्हा आनंद झाला नाही, सुटल्यासारखं वाटलं फक्त.

त्यात झोळी दहा खणांची. खेळात उचलता येण्याजोगं सामान ढीगभर, त्यातलं कुठलं कामाचं आणि कुठलं नुसतं शोभेचं हे कळायला मार्ग नाही, कारण कशाचं निरखून वर्णन वाचायची सोयच नाही. क्रियापदं काढून टाकली त्याची किंमत इथे मोजावी लागते. ‘बघ’ हेही एक क्रियापदच होतं, तेही त्यांच्याबरोबर गेलं. वस्तू कुठेही टाकता येतात आणि टाकाल तिथेच राहतात, ही सोय खरोखर छान. पण तिचा परिणाम असा की माझ्या डावात मंदिराच्या पायऱ्यांपासून पुलापर्यंत सगळीकडे माझा पसारा, आणि ऐन वेळी हवी ती वस्तू सात पडदे (म्हणजे सात दृश्यं) मागे. नकाशा नाही. पळत जायची सोय नाही. ब्रँडन आपला संथपणे चालतोय आणि आपण हनुवटीला हात लावून बघतोय.

आणि गुहा. तिच्यामागची कल्पना उत्तम आहे हे आधी कबूल करते. आत अंधार, अंधाऱ्या दालनात पाय टाकला की ब्रँडन मेला. काही दालनांत अग्निफळांची झुडपं आहेत, त्यांची फळं उजेड देतात. फळ हातात घेऊन चालाल तर काही दालनांनंतर ते विझतं. जमिनीवर ठेवाल तर ते दालन उजळलेलं राहतं. म्हणजे फळं किती न्यायची, कुठे ठेवायची, कुठून मागे फिरायचं याचा हिशेब करत पुढे सरकायचं. वाचायला किती सुंदर वाटतं! पण दालनं एकासारखी एक, वाटा मनाला येतील तशा, आणि चूक झाली की मरण. चार-पाच दालनांत या कल्पनेतला सगळा रस मिळून जातो. उरलेल्या दालनांत फक्त हमाली आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : गुहेच्या आधीचा खेळ फार चांगला, गुहा वाईट, गुहेनंतर पुन्हा चांगला. कागद-पेन्सिल घ्या, एका चौकटीला एक दालन असा नकाशा काढा, जिथे झुडूप आहे तिथे ठिपका द्या. एका संध्याकाळचं काम आहे. तेही नको असेल तर कुठलाही तयार नकाशा बघा आणि बाहेर पडा. गुहेसाठी नकाशा बघितला म्हणून मी कोणाला नावं ठेवणार नाही.

जमलं तर १९९३ चा दुसरा भाग, ‘द हँड ऑफ फेट’, जरूर खेळा. त्यात झँथिया नावाची किमयागार आहे, जिभेला चांगली धार असलेली. तिच्याजवळ काढ्यांची पोथी असते. एका काढ्याला सरपटणाऱ्या प्राण्याचे अश्रू हवेत. मिळवायचे कसे? रानात कांदा मिळतो. बस्स. मी अर्धा तास त्या प्राण्याला दुःखी करण्याच्या मागे होते आणि कांदा माझ्या झोळीत पडून होता. राग आला, पण स्वतःचाच.

प्रश्न : ‘किंग्ज क्वेस्ट’चा पाचवा भाग खेळत होतो. आठवडा घालवला. एका सराईच्या तळघरात मला बांधून टाकलंय आणि काहीच करता येत नाही. मित्र म्हणतो, तू सुरुवातीला एक उंदीर वाचवला नाहीस म्हणून. उंदीर? मला तर उंदीर आठवतसुद्धा नाही!
— दोरखंडात बांधलेला

मित्र खरं बोलतोय. वाईट वाटतं सांगायला, पण तुमचा तो डाव संपलेला आहे.

झालं असं. बेकरीजवळून जाताना एक मांजर उंदराच्या मागे पळत पडद्यावरून जातं. दोन-तीन सेकंदांचा मामला. तेवढ्यात तुम्ही झोळीतून जुना बूट काढून मांजराला मारायचा. तो बूट वाळवंटात पडलेला असतो; म्हणजे वाळवंटात जाऊन, तहानेने मरता-मरता वाचून, तो आधीच आणलेला हवा. मारलात, तर उंदीर वाचतो आणि पुढे तळघरात येऊन तुमची दोरी कुरतडतो. नाही मारलात तर खेळ चकार शब्द काढत नाही. तुम्हाला पुढे जाऊ देतो, नवे प्रदेश दाखवतो, आणि मग तळघरात नेऊन सोडतो.

या प्रकाराला मी बंद गल्ली म्हणते, आणि या जातीच्या खेळांचा सगळ्यात मोठा दोष मला विचाराल तर हाच. मरणाचं मला काही वाटत नाही. मेलो तर निदान कळतं की मेलो. मागचा सेव्ह उघडायचा. बंद गल्लीत आपण मेलेले असतो आणि ते आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

याच खेळात एक कस्टर्डचा पाय विकत मिळतो. (खाण्याचा पाय, चालण्याचा नव्हे.) खेळाचा नायक ग्रॅहम, त्याला भूक लागते, हाताशी पाय आहे, आपण तो खाऊ घालतो. कोणीही घालेल. पुढे बर्फात यती समोर येतो आणि त्याला पळवायचा एकच उपाय : तोच पाय त्याच्या तोंडावर फेकणं. खाल्ला असेल तर यती तुम्हाला खातो. आता माझा काटा लावून बघा. यतीला कस्टर्ड फेकून मारायचं हे उत्तर कळल्यावर कोणाचा हात स्वतःच्या कपाळाकडे जाईल?

अन्याय व्हायला नको म्हणून हेही सांगते की १९९० साली त्या खेळाची चित्रं बघून लोकांचे डोळे दिपले होते. २५६ रंग, आणि टंकून हुकूम देण्याऐवजी या मालिकेत पहिल्यांदाच चित्रखुणांवर क्लिक करायची सोय. तो मान त्याचाच. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, रॉन गिल्बर्ट या खेळकर्त्याने एक लेख लिहून हेच बजावलं होतं की पुढे लागणारी वस्तू मागे कायमची राहून जाईल अशी रचना करू नका, आणि मेल्याशिवाय कळणार नाही असं काही ठेवू नका. ‘मॅनियाक मॅन्शन’ त्याचाच. त्या खेळातही बंद गल्ल्या होत्या, त्यामुळे हे पोळलेल्या तोंडाने सांगितलेलं शहाणपण होतं.

तुम्हाला उपाय एकच. सेव्ह एकावर एक करू नका. माझ्याकडे प्रत्येक खेळाचे वीस-पंचवीस सेव्ह असतात, त्यांना नावं देते : ‘पुलाआधी’, ‘पुलानंतर’, ‘इथे काहीतरी चुकलंय’. शेवटच्या नावाचे सगळ्यात जास्त.

प्रश्न : माझं इंग्रजी कामचलाऊ आहे. हे खेळ मला झेपतील का? की कोडं सुटत नाही ते डोक्यामुळे की भाषेमुळे, हेच कळायचं नाही?
— मराठी माध्यमवाली

शंका अगदी रास्त आहे, आणि इंग्रजी चांगलं असणाऱ्यांनाही ती पडायला हवी. ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागात (१९९१) धबधब्याजवळच्या पंपाची झडप फिरवायची असते. हातात पाना नाही. उत्तर : एका माकडाला भुरळ घालून ताठ करायचं, झोळीत टाकायचं आणि पाना म्हणून वापरायचं. का? तर अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात म्हणून. ज्या भाषेत पान्याला पानाच म्हणतात त्या भाषेतल्या माणसाने काय करावं? तिकडे इंग्लंडमध्येसुद्धा रोजच्या बोलण्यात स्पॅनर म्हणतात, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेलेही त्या माकडाकडे बघत बसले. मी त्या कोड्यावर दोन रविवार घातले. उत्तर कळल्यावर राग आला तो खेळावर नव्हे, स्वतःवरही नव्हे, शब्दकोशावर.

अशी कोडी थोडीच असतात, पण खेळ जितका विनोदी तितकी जास्त, कारण विनोद शब्दांवर चालतो. तेव्हा तुम्ही सुरुवात शब्दच नसलेल्या खेळांपासून करा. चेक देशातल्या अमानिता डिझाइनचे खेळ यासाठीच जणू केलेत. ‘सामोरोस्ट’ हा याकुब द्वोर्स्कीने विद्यार्थी असताना २००३ मध्ये केलेला छोटासा खेळ. एक बुटका पांढऱ्या कपड्यांतला जीव, झाडाच्या मुळांचे आणि शेवाळाचे ग्रह, एक शब्द नाही. त्यानंतरचा ‘मशिनारियम’ (२००९) जास्त मोठा आणि जास्त चांगला. तिथला रोबो लांब होतो, आखूड होतो, आणि बोलण्याऐवजी डोक्यावर फुगा येऊन त्यात हलती चित्रं दिसतात. फक्त हाताला लागेल तेवढ्याच गोष्टी त्याला घेता येतात, म्हणून तुम्ही आधी त्याला शेजारी नेऊन उभं करायचं. त्यामुळे पडदाभर वेड्यासारखं क्लिक करत सुटता येत नाही. यंत्रांचं जग म्हणून कोणी त्याला परीकथेत धरत नसेल, पण माझ्या लेखी परीकथाच आहे ती.

कमतरता म्हणाल तर शब्द नाहीत म्हणून माणसंही पुसट. मॅल्कमसारखा कोणी लक्षात राहत नाही तिथे.

प्रश्न : अडलं की वॉकथ्रू (खेळाची तयार उत्तरं) बघणं ही फसवणूक आहे का?
— हळूच बघणारा

कोणाची? खेळ तुमचा, संध्याकाळ तुमची.

मी माझ्यापुरता नियम केलाय. अडले की एक रात्र जाऊ देते. सकाळी भांडी घासताना निम्मी उत्तरं सुटतात. नाही सुटलं तर बघते, पण त्या एका कोड्यापुरतं, आणि पुढची ओळ हाताने झाकून. ‘मशिनारियम’वाल्यांनी यावर नामी युक्ती काढलीय. दर पडद्याला एक छोटी सूचना फुकट. पूर्ण उत्तराची चित्रवही हवी असेल तर ती कुलूपबंद, आणि कुलूप उघडायला एक किल्ली उडवत न्यायचा कंटाळवाणा बारका खेळ खेळावा लागतो. अडलेला माणूस तेवढ्या वेळात पुन्हा विचार करतो. कित्येकदा मी ती किल्ली उडवता उडवता उत्तरापाशी पोचले आणि वही न बघताच परत फिरले.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. जादू, राजकन्या, जंगल सगळं आवडतं. पण खेळात कोणी मेलं की रडते. काही सुचवाल?
— एक आई

‘लूम’. डोळे मिटून ‘लूम’.

ल्युकासफिल्म गेम्सने १९९० साली काढला, रचना ब्रायन मोरियार्टीची. तो रचतानाच ठरवलेलं की खेळणारा मरणार नाही आणि बंद गल्लीत अडकणारही नाही. झोळीसुद्धा नाही! बॉबिन नावाचा विणकरांचा पोरगा, त्याच्या हातात सूत कातायची काठी, आणि ती काठी सूर वाजवते. चार सुरांचा एक मंत्र. पहिला मंत्र उघडण्याचा, पाश्चात्त्य नावांनी तो इ, सी, इ, डी. सी ला सा धरला तर आपल्या भाषेत ग सा ग रे. वाजवला की मिटलेलं अंडं उघडतं. आणि तोच उलटा वाजवला, रे ग सा ग, की उघडलेलं मिटतं! हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले होते. एक मंत्र शिकला की दोन कामं, आणि दुसरं काम खेळ शिकवत नाही, आपलं आपल्याला सुचावं लागतं. कोडी करावीत तर अशी. सुरुवातीला काठीतून सा, रे, ग एवढेच सूर निघतात, पुढे एकेक वाढत जातो, त्यामुळे मूल बावरत नाही.

बऱ्याच मंत्रांचे सूर दर नव्या डावाला बदलतात, म्हणून ऐकले की लगेच लिहून ठेवायचे. मूळ डबीत त्यासाठी मंत्रांची एक पुस्तिकाच दिलेली असायची. तुम्ही एक छोटी वही द्या. माझ्या भाचीने वहीत सूर लिहिण्याऐवजी पायऱ्या काढल्या होत्या, वर-खाली जाणाऱ्या, आणि माझ्या अक्षरांपेक्षा तिच्या पायऱ्या जास्त उपयोगी पडल्या, कारण मंत्र उलटा करायचा तर ती वही आरशासमोर धरायची. खेळात तीन पातळ्या आहेत. सगळ्यात अवघड पातळीत सूर दिसत नाहीत, नुसत्या कानावर ओळखायचे. मुलीला गाण्याचा कान असेल तर दुसऱ्या फेरीला ती लावून द्या आणि स्वतः बाजूला व्हा. मागे वाजतं ते चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चं संगीत.

दोष? लहान आहे. दोन-तीन संध्याकाळींत संपतो आणि शेवट जरा चुटपुट लावणारा. मेलं-गेलं खेळणाऱ्याला नाही, पण गोष्टीत उदास प्रसंग येतात. शेजारी बसा.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून असाच एक छोटा खेळ करतोय. सात पडदे, अकरा कोडी. आम्हाला सगळी सोपी वाटतात. ज्याला दाखवला तो दुसऱ्याच पडद्यावर अडला. कोडी बदलू का माणसं?
— होतकरू

माणसं अजिबात बदलू नका, अडणारा माणूस फार कामाचा असतो. त्याच्या मागे उभे राहा आणि तोंडाला कुलूप लावा. ‘अरे, डावीकडे बघ ना’ असं एकदा जरी म्हणालात तरी चाचणी वाया. तो काय करून बघतो ते प्रत्येक वेळी लिहा. दिवा दगडावर घासून बघितला? लिहा. दिव्याला कुत्रा दाखवला? तेही लिहा. मग त्या यादीत बघा, कुठल्या चुका त्याला शहाणपणाच्या वाटत होत्या. खेळाने तिथे ‘हे जमत नाही’ एवढंच कोरडं उत्तर देण्याऐवजी काहीतरी बोललं पाहिजे : दगड गुळगुळीत आहे म्हणून ठिणगी पडली नाही. झालं, पुढच्या वेळी तो खडबडीत दगड शोधेल. चुकीच्या प्रयत्नाला दिलेलं उत्तर हाच खरा सुगावा असतो, आणि किरँडियात नेमका तोच नाही.

दुसरं. तो ज्या वस्तूसाठी अडला ती त्याला दिसली होती का? चित्रात ती सहा ठिपक्यांची असेल आणि मागच्या गवताच्याच रंगाची असेल तर दोष त्याच्या डोक्याचा नाही. मला अशा जागा सापडतात, कारण पूर्णविराम आणि माशीची शिट यांतला फरक ओळखण्याचा मी पगार घेते. सगळे मुद्रितशोधक नसतात. एखादी कळ दाबल्यावर सगळ्या कामाच्या जागा चमकतील अशी सोय ठेवा. २००९ मध्ये आधी जर्मन भाषेत आलेल्या ‘द बुक ऑफ अनरिटन टेल्स’मध्ये ज्या जागेचं काम संपलं ती जागा पुढे क्लिकलाही प्रतिसाद देत नाही; म्हणजे उरलेलं तेवढंच महत्त्वाचं हे आपोआप कळतं. ती युक्ती बिनदिक्कत उचला.

अकरातली तीन कोडी काढावी लागतील. कुठली तीन ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

प्रश्न : किरँडियासारखे जुने खेळ आजच्या यंत्रावर चालतात का?
— अनेकांचा

स्कमव्हीएम नावाची मोफत प्रणाली वापरा. २००१ पासून स्वयंसेवक तिच्यावर काम करताहेत. खेळाच्या मूळ फाइली तिला दाखवल्या की ती संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवरही खेळ चालवते. फाइली अर्थात रीतसर घेतलेल्या हव्यात. पैसे न घालता चव बघायची असेल तर रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा ‘ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस’ (१९९२) त्या कंपनीने स्वतःच मोफत करून टाकलाय. त्यातले गावकरी आपापल्या कामाने गावभर हिंडत असतात, हवा तो माणूस जागेवर कधीच सापडत नाही. गंमत पहिल्या तासाला वाटते.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत, ‘किरँडियात निवांत फिरा, मरणाबिरणाची भीती नाही.’ मी माणिक तोडायला गेलो, साप चावला, मेलो. याला काय म्हणायचं?
— साप चावलेला

याला माझी चूक म्हणायचं. मुद्रितशोधकाची चूक दुप्पट मोठी, तेव्हा दोनदा माफी मागते. साप आहे, गुहेतला अंधार आहे, इतरही दोन-चार जागा आहेत. पुन्हा माणकाकडे जाल तेव्हा जाण्याआधी सेव्ह करा. साप चावणारच आहे, तो टळत नाही. चावला की लगेच ब्रँडनच्या जादूच्या ताईतामधल्या पिवळ्या रत्नावर क्लिक करा, विष उतरतं. आणि ताईतात पिवळं अजून उजळलं नसेल, तर माणकाच्या झाडाकडे फिरकू नका.